न लागलेला फोन

“ताई, ती आलीया,” हौसाबाई फोनवर कुजबुजत होत्या. “त्या पोराची आई. अंगणात बसलीया. आन् ह्ये आत जाऊन भिताडाकडं तोंड करून बसल्यात. काय करू म्या?”

“कुठल्या पोराची आई?”

“दरीतला त्यो. शेवटचा. त्याच्यामागारी ह्ये परत कवा खाली उतरलंच न्हाईत.”

मला त्या पोराबद्दल काहीच माहीत नव्हतं. हौसाबाईंच्या नवऱ्याशी, कोंडिबा ढेब्यांशी, मी पावसाळ्याच्या आधीपासून दर आठवड्याला बोलत होते. पण या मुलाचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नव्हता.

तेव्हा मी सोलापुरात एका संस्थेत समुपदेशक होते. ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचले, त्यांना दवाखान्यातून घरी सोडल्यावर आम्ही फोन करायचो. लांबलांबची माणसं. त्यांच्या तालुक्यात मानसोपचाराचा डॉक्टर नसायचा, आणि असला तरी त्याच्या दारात दिसायची लाज. आमचे डॉक्टर बागवान महिन्यातून एकदा व्हिडिओवर त्यांना बघून गोळ्या ठरवायचे, आणि मधल्या दिवसांत मी फोनवर असायचे. बहुतेकांना मी कधी पाहिलं नाही. खोकल्यावरून, श्वासावरून, मागे वाजणाऱ्या भांड्यांवरून माणूस कसा आहे ते ओळखायची सवय झाली होती.

कोंडिबा सह्याद्रीतल्या एका पठारावर राहायचे. चार म्हशी, थोडी नाचणी, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर एक कडा. सुट्टीच्या दिवशी लोक तिथे फोटो काढायला यायचे. काही जण दुसऱ्या कारणासाठी यायचे. दरीत कोणी गेलं की पोलीस गावातल्या पथकाला बोलवायचे, आणि पथकात सगळ्यात आधी दोर बांधून खाली उतरणारा माणूस म्हणजे कोंडिबा. तरुणपणापासून ते हे करत आले होते, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, दुसरं कोणी उतरत नव्हतं म्हणून. मग एके दिवशी त्यांनी आपला दोर पथकातल्या बाळू जानकरच्या ओटीवर नेऊन ठेवला आणि काही न बोलता घरी आले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच जीव द्यायचा प्रयत्न केला. हौसाबाई वेळेवर घरी आल्या म्हणून वाचले.

का, ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही, मलाही नाही. दर गुरुवारी ते गोठ्यामागच्या बांधावर येऊन बसायचे, कारण घरात रेंज नव्हती. मी विचारायचे, “मरायचे विचार येतात का?” असं आडवळण न घेता विचारायला आम्हाला शिकवलेलं असतं.

“येत्यात.”

“आज?”

“आज बी.”

“आज तसं काही करणार आहात?”

“न्हाई. आज न्हाई.”

मग ते म्हशीच्या खुराबद्दल बोलायचे, धुक्याबद्दल बोलायचे, आणि आमचा आणखी एक आठवडा निघून जायचा.

“बाई एकट्याच आल्यात?” मी हौसाबाईंना विचारलं.

“एकटीच. लातूरकडनं कुटनं तरी आलीया. पार उदगीर का काय म्हणली. हातात पिशवी न्हाई, काय न्हाई. पाणी दिलं तर घेईना. कडा दाखवा म्हणती, बास. पोरगं कुटं पडलं त्ये दाखवा म्हणती.”

माझ्या शेजारच्या टेबलावर रफीक बसायचा. मी कागदावर ‘बाळू जानकर, जीप, लगेच’ एवढं लिहून त्याच्यापुढे सरकवलं. उदगीरहून एक बाई दिवसभराचा प्रवास करून पठारावर येते आणि तिच्याकडे पिशवीसुद्धा नाही. परत जायचा विचार असलेलं माणूस निदान एक लुगडं तरी बरोबर घेतं.

“हौसाबाई, त्यांना एकटं सोडू नका. कड्याकडे तर अजिबात जाऊ देऊ नका. आणि कोंडिबांना म्हणावं, ताई फोनवर आहेत. यायचं तर या, नाही आलात तरी मी फोन ठेवत नाही.”

बराच वेळ नुसती म्हैस हंबरत होती. मग बांधावरच्या दगडावर कोणीतरी बसल्याचा आवाज आला.

“ताई.”

“बोला कोंडिबा.”

“म्या त्या बाईला खोटं सांगितलंय.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“पोरगं वर काढलं तवा ती दवाखान्यात आली. बाप न्हाई पोराला. ही एकटीच. समद्यांम्होरं मला इचारलं, त्रास झाला का वो त्याला? म्या म्हणलो, न्हाई माऊली. त्याला कळलंबी नसंल. पडला तवाच गेला. तर तिनं मला हात जोडलं. म्हणली, देवानं तेवढं तरी केलं.” ते थांबले. “पडला तवा गेला न्हाई त्यो. म्या खाली गेलो तवा जित्ता व्हता. बोलत व्हता.”

“तुम्ही एकटेच होता खाली?”

“धुकं व्हतं. वरनं स्ट्रेचर सोडता येत न्हवतं. बाकीची पोरं लांबच्या वाटंनं येत व्हती. म्या त्याचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलो.”

वीस वर्षं ज्यांनी मेलेली माणसं वर आणली, त्यांना एक जिवंत माणूस सापडला होता. पंख्याच्या घरघरीत मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं, पण ते मला सांगणार नव्हते हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

“तुम्हाला आज त्यांना भेटायलाच हवं असं नाही,” मी म्हणाले. “मी बोलते त्यांच्याशी. जीप येतेय.”

“ती कड्यावर जायाला आलीया, ताई. बगाया न्हाई आलेली.”

“मलाही तसंच वाटतंय.”

“मंग आता खरं सांगू का तिला?”

शिकवणाऱ्यांनी अशा प्रश्नाला काय म्हणायचं ते शिकवलं नव्हतं. हो म्हटलं तर त्या बाईचा उरलेला एकमेव आधार जाणार, आणि नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार.

“ते मी नाही ठरवू शकत,” मी म्हणाले. “पण काहीही ठरवलंत तरी त्यांना इथे, बांधावरच घेऊन या. फोन चालू ठेवा आणि खिशात ठेवा. मी आहे.”

मग त्यांनी फोन खिशात ठेवला. त्यापुढचं जे मला माहीत आहे ते फक्त कानांनी ऐकलेलं. कापडाची सळसळ, अनवाणी पावलं, हौसाबाईंचं “या बाई, हितं या, हितं सावली हाय.”

“ढेबे ना तुम्ही?” तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मऊ, थकलेला, शिक्षिकेसारखा स्पष्ट. पुढे कळलं, महानंदा बिराजदार उदगीरला शिवणाचे वर्ग घ्यायच्या. “मला ओळखलंत की नाही? मल्लिनाथची आई.”

“वळकलं.”

“तुमचे उपकार आहेत माझ्यावर. तुम्ही काढलंत म्हणून तोंड तरी बघायला मिळालं. आता एवढं एक करा. जागा दाखवा. लांबूनच दाखवा. मी जाते मग.”

“कुटं जाणार?”

त्यांच्या पदराची सळसळ ऐकू आली.

“माऊली,” कोंडिबा म्हणाले, “त्यो लगीच गेला न्हाई.”

हौसाबाईंनी “अवं!” म्हटलेलं ऐकू आलं. बस्स, तेवढंच.

“काय म्हणालात?”

“मल्लिनाथ. म्या खाली पोचलो तवा त्याच्यात जीव व्हता. बराच येळ व्हता. म्या तुमाला खोटं सांगितलं.”

मला वाटलं त्या किंचाळतील. त्या अगदी हळू बोलल्या. “दुखत होतं त्याला?”

“व्हय.”

“पाणी मागितलं का?”

“मागितलं.”

“दिलंत?”

“दिलं. व्हट भिजवलं. गिळता येत न्हवतं.”

“काही बोलला?”

कोंडिबांचा श्वास माझ्या कानात एवढा मोठा झाला की मला वाटलं ते आता उठून जातील. रफीक समोर उभा राहून खूण करत होता, बाळू निघालाय, वाटेत आहे. मी हात वर करून त्याला थांबवलं.

“त्यो म्हणला, काका, मला वर न्या. म्हणलो, नेतो, पोरं येत्यात. मंग म्हणला, आईला फोन लावा. त्याचाच फोन खिशात व्हता, काच फुटल्याली. त्येनं नंबर सांगितला, म्या लावला. दरीत रेंज न्हाई, माऊली. तितं कवाच नसती. पुन्यांदा लावला. लागंना. त्यो माज्या तोंडाकडं बगत व्हता. म्हणला, लागला का? आन् म्या म्हणलो, लागला. त्याच्या कानाला धरला. म्हणलो, बोल, आई ऐकतीया.”

 

“बोलला तो?”

“बोलला.”

“काय बोलला?”

“सांगू?”

“सांगा की!” आता त्या ओरडल्या. “दोन वर्षं ठेवून घेतलंत तुम्ही ते! माझं होतं ते! सांगा!”

कोंडिबा बोलायला लागले आणि त्यांचा आवाज बदलला. नक्कल नव्हती ती. त्यांची बोलीच गेली. पठारावरच्या त्या माणसाच्या तोंडातून एका शिकणाऱ्या मुलाची भाषा येत होती, शब्दाला शब्द, इतक्या वेळा मनात म्हटलेली की तिला घडी पडली होती.

“आई, मी चुकलो. पाय सोडला आणि लगेच कळलं, चुकलो. आई, रागावू नको. मला न्यायला ये.”

टेबलावर माझी एक फाइल, पाण्याची बाटली, पलीकडे खिडकीत सोलापूरचं पांढरं ऊन.

“मग?” महानंदाबाईंनी विचारलं.

“मंग काय न्हाई. त्येच. मला न्यायला ये. तेवढंच म्हणत राह्यला.”

त्यानंतर त्या रडल्या. ते रडणं मी लिहू शकत नाही. मग ते थांबलं.

“मला बोलावलं त्यानं,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम शांत झाला होता. “न्यायला ये म्हणाला. मी उगाच नाही आले आज. सोडा मला. वाट सोडा.”

“कोंडिबा, फोन द्या त्यांना!” मी ओरडले. “फोन द्या!” खिशातल्या फोनमधून माझा आवाज त्यांना ऐकू गेला की नाही कोण जाणे. झटापट झाल्यासारखा आवाज आला, हौसाबाईंच्या बांगड्या वाजल्या. आणि मग कोंडिबांचा आवाज, इतका मोठा मी तो कधीच ऐकला नव्हता.

“खाली न्हाई बोलावलं! घरला न्यायला ये म्हणत व्हता त्यो! त्याला वर यायचं व्हतं. म्या व्हतो तितं, म्या ऐकलंय! खाली गेलीस तर तुला भेटायचा न्हाई त्यो. तितं न्हाई त्यो. त्याला घरला यायचं व्हतं!”

कोंडिबा त्यांना अगंतुगं करत होते आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

बऱ्याच वेळानं हौसाबाईंनी फोन घेतला. “बसलीया खाली. घट धरलीया म्या. तुमच्याशी बोलवू?”

मग महानंदाबाई फोनवर आल्या. नाकातून श्वास घेत होत्या.

“कोण बोलतंय?”

मी नाव सांगितलं. मी कोण, कोंडिबांशी का बोलते, ते सांगितलं. कोंडिबांनीही जीव द्यायचा प्रयत्न केला होता, तेही सांगितलं.

“यांनी?” त्या म्हणाल्या. “माझ्या मल्लूपायी?”

“ते त्यांनी मला आजच सांगितलं. महानंदाताई, मी सरळ विचारते. तुम्ही आज इथे जीव द्यायला आला होता का?”

“हो.”

“आत्ता अजून तसं वाटतंय?”

“आता काय वाटतंय ते मलाच कळेना झालंय. तुम्ही मला एक सांगा. त्याला काही कळलं नाही, या एका गोष्टीवर मी झोपत होते. तीच काढून घेतली यांनी. आता मी काय धरून झोपू?”

मी म्हणाले, मला माहीत नाही. पण आजची रात्र तुम्ही एकटीनं काढायची नाही. तुमचं जवळचं कोण आहे? भाऊ आहे म्हणाल्या, निलंग्याला, दुकान आहे, त्याला न सांगता आलेय. नंबर विचारला तर त्यांनी पाठ सांगितला. रफीकनं दुसऱ्या फोनवरून त्याला लावला, आणि तो भाऊ पहिल्याच घंटेला “अक्का कुठंय?” म्हणत रडायला लागला. सकाळपासून तो त्यांना शोधत होता.

जीप आली तेव्हा त्या उठायला तयार नव्हत्या. बाळू जानकर बिचारा बाजूला उभा राहिला. त्या कोंडिबांना म्हणत होत्या, “परत सांगा.” कोंडिबांनी परत सांगितलं. “परत.” त्यांनी परत सांगितलं. मला न्यायला ये. फोनची बॅटरी संपत आली होती. तो बंद पडला तेव्हाही बांधावर तेच चालू होतं.

त्या रात्री त्या ढेब्यांच्याच घरी राहिल्या. हौसाबाईंनी त्यांना आपल्या शेजारी निजवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन घेऊन गेला. माझ्याकडच्या माणसांत आणखी एक नाव वाढलं.

पुढच्या गुरुवारी मी कोंडिबांना विचारलं, सांगितल्यावर थोडं हलकं वाटतंय का? मला मनापासून तसं वाटत होतं. पुस्तकांत तसं असतं.

“न्हाई ताई,” ते म्हणाले. “आदी माज्या एकट्याकडं व्हतं. आता तिच्याकडंबी हाय.”

“मरायचे विचार?”

“येत्यात.”

“आज तसं काही करणार?”

“न्हाई. आज न्हाई.”

काहीच बदललं नव्हतं. डॉक्टर बागवानांनी गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. कोंडिबा जेवायचे, कारण हौसाबाई ताट पुढे ठेवायच्या. धारा काढायचे. दोर बाळूच्या ओटीवर पडून होता तो तसाच राहिला. महानंदाबाईंनी शिवणाचे वर्ग पुन्हा सुरू केले आणि महिन्याभरात बंद केले. दोघंही जगत होती. त्याहून जास्त काही मी कागदावर लिहू शकत नव्हते, आणि लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

मग एकदा हौसाबाईंचा फोन आला. चिडलेल्या होत्या. “ताई, तुमी त्या बाईला समजवा. दर मंगळवारी फोन करती. ह्ये सकाळधरनं बांधावर जाऊन बसत्यात, जेवणाचीबी शुद्ध न्हाई. आन् काय बोलायचं? त्येच. त्या पोराचं. पुन्यांदा पुन्यांदा. दिवसभर मंग तोंड उघडत न्हाईत. किती दिस चालायचं ह्ये?”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोघांच्याही जखमेची खपली दर आठवड्याला निघतेय, हे थांबायला हवं. मलाही ते पटलं. कोंडिबांना म्हणाले, तुम्ही त्यांना नाही म्हणू शकता. ते म्हणाले, “म्या न्हाई म्हणलो तर तिनं कुणाला इचारायचं? म्या एकटाच व्हतो तितं.” आणि मग, जरा थांबून, “म्या मेलो तर तिला सांगणारं कोन न्हाई, ताई.” हे ते आनंदानं बोलले नव्हते. कुणीतरी दावं बांधल्यासारखे बोलले.

म्हणून मी महानंदाबाईंना फोन केला. शक्य तितक्या मऊपणे सांगितलं, की या फोनांचा कोंडिबांना त्रास होतोय, तुम्हालाही होत असेल, आपण ते हळूहळू कमी करूया. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

“तुमचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बाकी जे सांगाल ते मी करते. गोळ्या घेते, भावाकडे राहते, फिरायला जाते. पण हे नका बंद करू. कसं सांगू तुम्हाला. मल्लूचा आवाज होता ना, तो मला आता आठवतच नाही. लहानपणचा नाही, मोठेपणचा नाही. किती प्रयत्न करते. तो आई म्हणून हाक मारतो ती आता मला ढेब्यांच्याच आवाजात ऐकू येते.”



“आज मंगळवार आहे,” त्या म्हणाल्या. “ठेवते हं. ते वाट बघत असतील.”